शाळेचा पट आणि आपली लेकरं



आज आम्ही सातजणी मिळून बोलतोय. माईकपुढं एकटीच बसलीय, पण हातातला कागद सातजणींनी मिळून लिहिलाय. आम्ही एका मोठ्या शहरातल्या वस्तीत राहतो. आमच्यातल्या तिघी घरकामाला जातात, दोघी शिलाई करतात, एक भाजी विकते आणि एक अंगणवाडीत मदतनीस आहे. वस्तीत महापालिकेची शाळा आहे, तिच्या व्यवस्थापन समितीवर आम्ही सातहीजणी आहोत. शहराचं आणि शाळेचं नाव घेत नाही. कुणाची बदनामी करायला आम्ही आलो नाही, आणि जे आमच्याकडं झालं ते बऱ्याच शहरांत होतं.

गावं आमची तुमच्यासारखीच. विहीर आटली, काम मिळेना, म्हणून शहरात आलो. त्यामुळं शहरातल्या शाळेची गोष्ट तुम्हाला कशाला सांगायची, असं आधी आम्हालाही वाटलं. पण ही गोष्ट शेवटी तुमच्या गावातल्या शाळेपर्यंत येते. कशी ते ऐका.

पट हा शब्द तुम्हाला ठाऊक आहे. पाडव्याच्या आधी गुरुजी पोरांना घेऊन गावातनं फेरी काढतात आणि 'गुढीपाडवा, पट वाढवा' अशी घोषणा देतात. आम्ही लहानपणी ती फेरी दारात उभं राहून बघितलीय. तेव्हा वाटायचं, पट वाढवणं हे गुरुजींचं काम, आपलं काय त्यात? आपण पोरगं शाळेत घातलं, दप्तर दिलं, संपलं. हे किती चुकीचं होतं ते आम्हाला दोन वर्षांपूर्वी कळलं.

आमच्या शाळेत पहिली ते पाचवीला तीन शिक्षक होते. दिवाळीनंतर एक बाई शाळेत दिसेनात. आम्हाला वाटलं रजेवर असतील. मग कळलं, त्या 'अतिरिक्त' ठरल्या आणि त्यांना दुसऱ्या शाळेत पाठवलं. उरले दोन शिक्षक आणि पाच वर्ग. त्या दोघांतल्या सरांकडं मतदारयादीचं काम, म्हणजे बीएलओची कामं. ते निम्मा वेळ याद्या घेऊन दारोदार. मग एकच बाई कधी पहिली-दुसरीला अक्षरं गिरवायला लावून चौथी-पाचवीकडं धावायच्या, कधी पाचवीच्या मोठ्या मुलींना पहिलीच्या वर्गावर बसवायच्या. आमच्या मुली घरी येऊन सांगायच्या, "आज मीच बाई होते." त्या हौसेनं सांगायच्या, आम्हीही हसायचो.

जानेवारीत मात्र हसू गेलं. पट कमी आहे म्हणून आमची शाळा हायवेच्या पलीकडच्या शाळेत विलीन करायचा विचार चालू आहे, अशी बातमी आली. हायवे म्हणजे सहा पदरी रस्ता. सहा-सात वर्षांची लेकरं तो रोज दोनदा कशी ओलांडणार? आणि आम्ही तर सकाळी सहाला कामाला बाहेर पडतो.

आम्ही समितीवर आहोत, हे तेव्हा आम्हाला आठवलं. हसू नका, खरं सांगतोय. शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यात लिहिलंय की शाळा व्यवस्थापन समितीत चारातले तीन सदस्य पालक हवेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या बाया हव्यात. म्हणून आमची नावं घेतली होती. पण बैठक सकाळी अकराला, आणि अकराला आम्ही दुसऱ्यांच्या घरी भांडी घासत असायचो. मग शाळेचा शिपाई संध्याकाळी वही घेऊन यायचा, आम्ही सही करायचो. समितीच्या वहीत आमच्या सह्या होत्या, बैठकीला आम्ही नव्हतो. तीन वर्षांत काय काय ठराव झाले ते आम्हालाच माहीत नव्हतं.

पहिलं काम केलं ते म्हणजे बैठक रविवारी घ्यायला लावली. दुसरं काम, मुख्याध्यापक बाईंना विचारलं, "आमच्या बाई गेल्या कशा?" त्या चांगल्या आहेत. त्यांनी फळ्यावर लिहून समजावलं.

कायद्यात असं आहे की पहिली ते पाचवीला साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, एकसष्ट ते नव्वद मुलांना तीन, एक्याण्णव ते एकशेवीसला चार. हे शिक्षक दरवर्षी पटावरून मंजूर होतात. त्याला म्हणतात संचमान्यता. तिच्यासाठी ३० सप्टेंबरचा पट धरतात. आणि आता तो पट नुसता वहीतला चालत नाही. ज्या मुलाचं आधार सरकारच्या संगणकाशी जुळलंय, तेच मूल मोजणीत धरतात. आधार नाही म्हणून कुणाला शाळेत यायला बंदी नाही, पण ते मूल वर्गात बसूनही मोजणीत नसतं.

आमच्या पाच वर्गांत पासष्ट मुलं बसत होती. मोजणीत आली अठ्ठावन्न. तिसऱ्या बाई टिकायला एकसष्ट हवी होती. तीन नावं कमी पडली आणि एक शिक्षक गेला.

ही आधारची मोजणी आली कुठून, तेही बाईंनी सांगितलं. तुमच्यातल्या काहीजणींना आठवत असेल, ऑक्टोबर २०११ मध्ये सगळ्या महाराष्ट्रात तीन दिवस पटपडताळणी झाली होती. एकच पोर दोन शाळांत मोजलं जाऊ नये म्हणून मतदानासारखी लेकरांच्या बोटाला शाई लावली होती. तेव्हा लाखो नावं अशी निघाली की ती कागदावर होती आणि वर्गात कुणीच नव्हतं. त्या खोट्या नावांवर शिक्षक, तुकड्या, खिचडीचा तांदूळ, अनुदान सगळं चाललेलं होतं. त्यामुळं खरी मोजणी पाहिजे, याबद्दल आमची तक्रार नाही. चोरी कुणी केली आणि आज भोगतंय कोण, एवढंच आम्ही विचारतो. पूर्वी वर्गात नसलेली मुलं पटावर होती. आता वर्गात बसलेली मुलं मोजणीत नाहीत.

मग आम्ही ती सात नावं मागून घेतली आणि घरोघरी गेलो. तिघांचं नाव कार्डावर एक आणि शाळेच्या वहीत दुसरं. कुठं बापाचं नाव वेगळं, कुठं जन्मतारीख चुकलेली. दोघांकडं कार्डच नव्हतं, कारण जन्मदाखला नव्हता. बाळंतपण गावाला घरीच झालेलं, नोंद कुणी केलीच नाही. आणि राहिलेली दोघं म्हणजे एक भाऊ आणि एक बहीण. त्यांची नावं अजून गावाच्या शाळेतच होती.

तिघांपैकी दोघांची कार्डं दुरुस्त झाली. त्यासाठी एका आईचे चार दिवसांचे कामाचे पैसे गेले. तिसऱ्याचं अडकलं. जन्मदाखल्याचं काम तर अजून चालू आहे. जूनमध्ये पाचवीची मुलं बाहेर पडली, पहिलीला नवी आली, आणि सगळी बेरीज-वजाबाकी करून आमची मोजणी साठवर येऊन थांबली. साठ! एक नाव कमी.

आता राहिली ती बहीण-भावंडं. त्यांच्या गावच्या शाळेनं संगणकावरून नावं सोडली की ती आमच्याकडं यायची. आम्ही त्यांच्या आईला पुढं घालून गुरुजींना फोन लावला. गुरुजी भले माणूस होते. चौकशी केली, पोरं वाचतात का विचारलं. मग थोडं थांबून म्हणाले, "ताई, माझा पट एकवीस आहे. ही दोन गेली की एकोणीस. वीसच्या खाली गेलो तर आमच्या शाळेचं काय होईल सांगता येत नाही. वाडीतली बाकीची लेकरं कुठं जातील?"

आमच्या तोंडून शब्द फुटेना. गुरुजी खोटं बोलत नव्हते. सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारनं वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले होते. पुणे जिल्ह्यातलं पानशेत आणि नंदुरबारमधलं तोरणमाळ इथं तसा प्रयोग झालेला आहे. राज्यात इतक्या कमी पटाच्या शाळा चौदा हजारांवर असल्याचं त्या वेळी सांगितलं गेलं. त्यातल्या बहुतेक तुमच्या-आमच्या वाड्यांवरच्या, पाड्यांवरच्या. म्हणजे आम्ही शहरात आमची शाळा वाचवायला निघालो होतो आणि त्यासाठी वाडीची शाळा धोक्यात घालणार होतो. दोन गरीब शाळा दोन लेकरांसाठी ओढाताण करत होत्या. आणि हा नियम ज्यांनी केला त्यांची पोरं या दोन्ही शाळांत नव्हती.

त्या रविवारी बैठकीत कुणी काही बोलेना. शेवटी आमच्यातली भाजीवाली म्हणाली, "दुसऱ्याच्या गावची दोन पोरं ओढतोय आपण. आपल्या घरातली चार पोरं कुठं जातात, ते कुणी बोलणार आहे का?"

इथं आम्हाला एक कबुली द्यायची आहे. तुमच्यासमोर द्यायला लाज वाटते, पण ती दिल्याशिवाय हे भाषण खोटं होईल. आम्ही सातजणी महापालिकेच्या शाळेच्या समितीवर होतो, ते आमच्या मुलींमुळं. आमच्यातल्या चौघींचे मुलगे मात्र पलीकडच्या गल्लीतल्या खाजगी इंग्लिश शाळेत होते. वस्तीत तिला सगळे कॉन्व्हेंट म्हणतात. दोन मजली घर, खाली दुकान, वर शाळा. महिन्याला हजार रुपये फी, गणवेश तिथूनच, वह्या तिथूनच, गॅदरिंगचे पैसे वेगळे. मुलगी फुकटच्या शाळेत आणि मुलगा फीच्या शाळेत. आम्ही म्हणायचो, "त्याला पुढं घर चालवायचंय, इंग्लिश पाहिजे. हिचं काय, लिहिता-वाचता आलं म्हणजे झालं." असं बोलणाऱ्या सासवा होत्या तसे नवरेही होते. पण फी भरायला जायचो ते आम्हीच.

वस्तीत फिरताना आम्ही शाळेच्या वयाची सगळीच मुलं लिहून घेतली होती. ती वही त्या दिवशी उघडून बघितली. आमच्या शाळेत मुली जास्त आणि मुलगे कमी. कॉन्व्हेंटात बरोबर उलटं. मुलं वस्तीत होतीच, कुठं गेली नव्हती. पट कमी झाला होता तो काही अंशी आमच्या घरातून.

मग कुणी म्हणेल, बघा, दोष आयांचाच आहे! अधिकारी साहेब आम्हाला हेच म्हणाले होते, "तुम्हीच मुलं पाठवत नाही, पटच नाही तर आम्ही काय करणार?" पण बायांनो, ही अर्धीच गोष्ट आहे. बाई गेल्या म्हणून वर्ग रिकामा राहतो. वर्ग रिकामा राहतो म्हणून ज्याला परवडतं तो पोर काढून नेतो. पोरं गेली म्हणून पट घटतो. पट घटला म्हणून दुसरा शिक्षक जातो. हा गाडा उताराला लागला की शेवटी साहेब येऊन म्हणतात, लोकांनाच ही शाळा नकोय.

लोकांना महापालिकेची शाळा नकोय हे खरं नाही. कोल्हापुरात जरगनगरला महापालिकेची शाळा आहे. तिथं पाडव्याला प्रवेश मिळावा म्हणून पालक आदल्या रात्रीपासून रांग लावतात, हे दरवर्षी बातम्यांत येतं. मुंबईत महापालिकेनं केंद्रीय बोर्डाच्या शाळा काढल्या, तर अर्ज इतके आले की चिठ्ठ्या काढून प्रवेश द्यावे लागले. त्याच मुंबईत महापालिकेच्या मराठी शाळांचा पट घटत गेला. म्हणजे जिथं शिकवायला माणसं आहेत आणि पुढच्या आयुष्यात उपयोग होईल असा भरवसा आहे, तिथं गरीबही रांग लावतात आणि मध्यमवर्गीयही. आम्ही मराठी सोडा म्हणत नाही. मराठी शाळेत चांगलं इंग्लिश शिकवा, म्हणजे आम्हाला गल्लीतलं कॉन्व्हेंट शोधावं लागणार नाही, एवढंच आमचं म्हणणं.

आता राजकारणाचं सांगतो. मे महिन्यात आमच्या वस्तीत शिक्षकांच्याच फेऱ्या असतात. अनुदानित शाळांचे शिक्षक येतात, कारण त्यांचीही नोकरी पटावर. एकजण म्हणतो दप्तर देतो, दुसरा म्हणतो रिक्षा लावून देतो, तिसरा म्हणतो पहिल्या वर्षी एक पैसा भरू नका. त्या बिचाऱ्यांचाही राग येत नाही, कारण एकेक पोर म्हणजे त्यांच्या घरची चूल. पण आमच्या पोरांचा बाजार होतो तो होतोच. कोण जास्त शिकवतो याची चढाओढ कधी दिसली नाही, कोण जास्त देतो याचीच दिसली.

निवडणूक जवळ आली की दुसरी फेरी. वह्या वाटतात, त्यांच्यावर मुलांच्या नावाला जागा छोटी आणि पुढाऱ्याचा फोटो मोठा. विलीनीकरणाची बातमी आली तेव्हा आम्ही आमच्या वॉर्डातल्या एका माजी नगरसेवकाकडं गेलो. ते म्हणाले, शाळेचा एक दगड हलू देणार नाही. मग कळलं, ती कॉन्व्हेंट ज्या घरात भरते ते घर त्यांच्याच नात्यातलं. आता बोला.

आणि जाब तरी विचारायचा कुणाला? मुंबई, पुणे आणि इतर बऱ्याच महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. पुढची निवडणूक थेट जानेवारी २०२६ मध्ये झाली. जवळजवळ चार वर्षं नगरसेवक नव्हते, सगळा कारभार प्रशासकाच्या हातात. शाळा जोडायच्या, शिक्षक हलवायचे, ते कागदावर ठरायचं. गावात सरपंच चुकला तर ग्रामसभेत उभं राहून विचारता तरी येतं. शहरात आम्ही या टेबलावरून त्या टेबलावर जात राहिलो.

खाजगी शाळेत गरिबांसाठी ज्या पंचवीस टक्के जागा कायद्यानं ठेवल्यात, त्यांचंही असंच. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारनं नियम बदलला, की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेनं ह्या जागा द्यायला नकोत. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो बदल रद्द केला. त्या मधल्या महिन्यांत आम्हा आयांना काय ऐकायला मिळालं बघा. एका हातानं म्हणायचं, तुमच्या जवळ सरकारी शाळा आहे, तिथं जा. दुसऱ्या हातानं तीच शाळा पट कमी म्हणून मिटवायला काढायची.

हे सगळं खरं. पण भाजीवालीनं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तरीही आम्हालाच द्यायचं होतं. चौघींपैकी दोघींनी त्या जूनमध्ये मुलगे परत आणले. सोपं नव्हतं. एकीच्या नवऱ्यानं आठ दिवस अबोला धरला. कॉन्व्हेंटनं बाकी फीसाठी दाखला अडवला. आमच्या मुख्याध्यापक बाई म्हणाल्या, "दाखल्याला उशीर झाला म्हणून सरकारी शाळेला प्रवेश नाकारता येत नाही, पोराला उद्यापासून बसवा." एका मुलाला तिसरीत असून ना मराठी वाचता येत होतं ना इंग्लिश. इंग्लिश कविता तोंडपाठ, पण त्यातल्या शब्दावर बोट ठेवलं की गप्प. दोन वर्षांची फी आणि हे. बाकी दोघींनी मुलगे आणले नाहीत. त्या अजून समितीत आहेत, आमच्याबरोबर काम करतात, आणि आम्ही त्यांना नावं ठेवत नाही. ज्या शाळेवर विश्वास बसत नाही तिथं पोर घालायचं म्हणजे आईच्या पोटात काय होतं ते आम्हाला माहीत आहे.

त्या बहीण-भावंडांची नावंही शेवटी आमच्याकडं आली. लेकरू जिथं बसतं तिथंच त्याचं नाव पाहिजे, हे गुरुजींनीच मान्य केलं आणि नावं सोडली. आमची मोजणी चौसष्ट झाली. त्यांची एकोणीस. आम्हाला आनंद झाला असं म्हणवत नाही.

मग आम्ही अर्ज लिहिला. राज्याच्या नियमात पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत असावी असं आहे. आम्ही हायवेपलीकडच्या शाळेपर्यंत फोनवर मोजत चालत गेलो, सव्वा किलोमीटर भरलं. तेही अर्जात लिहिलं. रविवारच्या बैठकीत ठराव केला, सह्या केल्या, आणि या वेळी वाचून केल्या. अर्ज देऊन पोच घेतली. साहेबांनी पहिल्यांदा आम्हाला खुर्ची दिली.

आज काय आहे? विलीनीकरण थांबलंय. 'तूर्त' असा शब्द आहे कागदावर. तिसऱ्या बाई आल्यात, पण त्या मानधनावर, वर्षभरासाठी. सरांच्या याद्या संपल्या नाहीत. निवडणूक, जनगणना आणि आपत्तीतलं मदतकार्य, एवढी कामं कायदाच शिक्षकांना द्यायला परवानगी देतो, त्यामुळं तिथं आमचं काही चालत नाही. पण सर नसतील त्या दिवशी दुसरं कोण येणार, हे आम्ही आता दर बैठकीत विचारतो. मुली घरी येऊन "आज मीच बाई होते" असं कमी वेळा सांगतात.

आता तुमच्याकडं येतो. तुमच्या शाळेच्या समितीत कोण बाया आहेत, ते गटाच्या पुढच्या बैठकीत विचारा. कदाचित तुमच्यातलीच कुणी असेल आणि तिलाच माहीत नसेल. मग शाळेत जाऊन चार प्रश्न विचारा. वर्गात मुलं किती बसतात? मोजणीत किती धरलीत? राहिलेल्यांचं कशामुळं अडलंय? मंजूर शिक्षक किती आणि हजर किती? हे जूनमध्येच विचारा. ३० सप्टेंबर उलटल्यावर विचारून उपयोग नाही.

पोराच्या कार्डावरचं नाव आणि शाळेतलं नाव शेजारी ठेवून बघा. कुणी अजून वाचायला शिकली नसेल तर तिचं कार्ड गटातल्या दुसरीनं बघा. बाळंतपण कुठंही होवो, जन्माची नोंद लगेच करा. कामासाठी शहरात किंवा उसाला जाणार असाल तर गुरुजींना सांगून जा. वर्षाच्या मध्ये गेलात तरी नव्या ठिकाणची शाळा पोराला घ्यायला बांधील आहे. दाखला नाही, वयाचा पुरावा नाही म्हणून परत पाठवलं तर हा कायदा सांगा.

आणि घरात बघा, कोण कुठल्या शाळेत जातंय. हे आम्ही शिकवायला सांगत नाही. आम्ही चुकलो म्हणून सांगतोय.

शेवटचं. एकोणीस पटाच्या त्या वाडीचं काय, हा प्रश्न आम्ही शहरात सोडून आलो नाही. शाळा मुलांसाठी असते. वाडीत एकोणीस लेकरं असतील तर त्या एकोणीस जणांना चालत जाता येईल इतक्या जवळ शाळा पाहिजे आणि तिथं शिक्षक पाहिजे. हे आमच्या वस्तीनं मागितलं पाहिजे आणि तुमच्या वाडीनंही, एकाच तोंडानं. नाहीतर आमचं एक पोर वाढलं की तुमचं एक कमी होणार, आणि आपण दोघी एकमेकींकडं बघत बसणार.

त्या गुरुजींना आम्ही अजून अधूनमधून फोन करतो. मागच्या वेळी म्हणाले, शाळा चालू आहे, पाडव्याला फेरी काढली होती. वाडीतल्या बायका या वेळी फेरीत पुढं होत्या म्हणे.

तुमच्या गावातही फेरी निघेल. दारात उभं राहून बघू नका, फेरीत चाला.